सिनेटर कोणाचा? – अमेरिकेची सतरावी घटनादुरुस्ती आणि घटकराज्ये

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या पुस्तकात अमेरिकेच्या सतराव्या घटनादुरुस्तीला जेमतेम दोन ओळी मिळतात. १९१३ सालापासून सिनेटचे सभासद राज्यांच्या विधिमंडळांऐवजी जनता प्रत्यक्ष निवडू लागली आणि त्यामुळे सिनेट अधिक लोकाभिमुख झाली, एवढाच त्या ओळींचा आशय. परीक्षेला तेवढे पुरते. परंतु याच दुरुस्तीने घटकराज्ये दुबळी केली असे मानणारा अभ्यासकांचा एक गट अमेरिकेत आहे आणि ती रद्द करावी अशी मागणीही तेथे अधूनमधून होते, हे समजल्यावर माझे कुतूहल वाढले. जनतेच्या हाती मत आल्याने संघराज्य दुबळे कसे होईल? या एका प्रश्नाचा माझ्या अल्पमतीप्रमाणे घेतलेला हा मागोवा आहे.

प्रथम मुळाकडे जाऊ. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार होत असताना लहान व मोठ्या राज्यांत जुंपली होती. प्रतिनिधित्व लोकसंख्येवर द्यावे असे मोठ्या राज्यांचे म्हणणे, तर प्रत्येक राज्याला सारखे मत हवे असा लहान राज्यांचा हट्ट. शेवटी १६ जुलै रोजी तडजोड झाली. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान स्थान. ही तडजोडही अवघ्या पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी पार पडली.

सिनेटर कोणी निवडावेत हा मुद्दा मात्र त्याआधीच, ७ जून रोजी निकालात निघाला होता. पेनसिल्व्हानियाचे जेम्स विल्सन यांनी, सिनेटही जनतेनेच निवडावी, अशी सूचना मांडली. तिला त्यांच्या स्वतःच्या राज्याखेरीज एकाही राज्याचा पाठिंबा मिळाला नाही. त्यांच्याऐवजी जॉन डिकिन्सन यांची, राज्यांच्या विधिमंडळांनी सिनेटर निवडावेत ही सूचना एकमताने संमत झाली. पुढे जेम्स मॅडिसन यांनी 'फेडरलिस्ट'च्या बासष्टाव्या निबंधात या पद्धतीचे समर्थन करताना असा मुद्दा मांडला की, केंद्रशासन घडविण्यात राज्यशासनांनाच वाटा दिल्याने त्यांचा अधिकार सुरक्षित राहील व दोहोंमध्ये एक दुवाही निर्माण होईल. म्हणजे सिनेटर हा केवळ राज्यातून आलेला माणूस नव्हता. राज्य नावाच्या संस्थेने तो धाडलेला असे.

व्यक्तीचे मत आणि संस्थेचे मत यांतला हा फरक मला पुस्तकापेक्षा आमच्या गावच्या दूध संस्थेने अधिक नीट समजावला. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे घरात राज्यशास्त्राची चर्चा होत नाही, पण संघाच्या निवडणुकीची होते. माझे वडील संस्थेत दोन वेळा दूध घालतात. जिल्हा संघाची निवडणूक लागली की त्यात वडिलांना मत नसते. मत संस्थेला असते. संस्थेची कमिटी एका सभासदाच्या नावे ठराव करते आणि तो ठरावधारक जाऊन मत देतो. मी सिनेटची जुनी पद्धत वडिलांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपल्या ठरावासारखंच की. पण पोरी, ठराव कुणाच्या नावानं करायचा, हे दूध घालणारा कधी ठरवतो?" अमेरिकेतील लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षे विचारलेला प्रश्न यापेक्षा फारसा निराळा नव्हता.

तथापि ठरावधारकाच्या बाबतीत एक गोष्ट अशी, की संस्थेचे मत एकदा देऊन झाले की त्याचे काम संपते. सिनेटर मात्र सहा वर्षांसाठी जाई. येथेच १७८७ च्या रचनेत एक छिद्र राहून गेले होते. त्यापूर्वीच्या राज्यसंघात राज्ये आपल्या प्रतिनिधींना हवे तेव्हा परत बोलावू शकत आणि प्रत्येक राज्याचे मिळून एकच मत असे. नव्या घटनेने परत बोलावण्याची तरतूद ठेवली नाही. दोन सिनेटर असतील तर दोघांची दोन स्वतंत्र मते, आणि त्यांचा पगारही राज्याच्या नव्हे, तर केंद्राच्या तिजोरीतून. आता विधिमंडळ त्याला वळवणार कशाने? राज्ये ठराव करून आपल्या सिनेटरांना आदेश पाठवीत. काही जण ते मानीत. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या निषेधाचा ठराव सिनेटच्या दप्तरातून खोडून काढण्याच्या बाजूने मत द्यावे, असा आदेश व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने पाठविला, तेव्हा जॉन टायलर यांनी तो मानण्याऐवजी १८३६ साली राजीनामा दिला. पुढे हेच टायलर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. परंतु ज्याला राजीनामाही द्यायचा नाही व आदेशही पाळायचा नाही, त्याच्यापुढे विधिमंडळ हतबल होते. विल्यम रायकर या राज्यशास्त्रज्ञाने १९५५ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले आहे की, आदेशाची ही प्रथा १९१३ च्या कितीतरी आधीच मोडकळीला आली होती. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुढे यायचे आहे.

विधिमंडळाने सिनेटर निवडायचा म्हणजे सिनेटरची निवडणूक विधिमंडळाच्या निवडणुकीवर स्वार होणार, हे ओघानेच आले. १८५८ साली इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस यांच्यात ज्या सात गाजलेल्या जाहीर चर्चा झाल्या, त्या सिनेटच्या जागेसाठी होत्या. पण ऐकायला जमलेल्या हजारो लोकांपैकी एकालाही या दोघांना मत देता येणार नव्हते! त्यांनी मत द्यायचे ते आपल्या आमदाराला. नंतर विधिमंडळात डग्लस यांना ५४ व लिंकन यांना ४६ मते पडली. त्या आमदारांनी राज्याचे रस्ते, शाळा, कर यांचे काय केले असते, हे त्या निवडणुकीत कोण विचारत बसला असेल? सिनेट राज्यांचे रक्षण करील म्हणून केलेली ही योजना राज्यांच्या स्वतःच्या राजकारणालाच गिळत होती.

याहून मोठी अडचण बहुमताची. दोन सभागृहे असलेल्या विधिमंडळाने एकमताला यायचे कसे, याबद्दल घटना गप्प होती. शेवटी १८६६ साली काँग्रेसने कायदा केला. दोन्ही सभागृहांनी आधी वेगवेगळे मतदान करावे, जमले नाही तर संयुक्त बैठक भरवावी आणि निर्णय होईपर्यंत दररोज निदान एकदा तरी मतदान घ्यावे. हेतू चांगला, पण परिणाम उलटा झाला. अडून बसणाऱ्या एखाद्या लहान गटालाही रोज नवी संधी मिळू लागली. १८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत मिळून पंचेचाळीस वेळा असा पेच पडला. डेलावेअर या चिमुकल्या राज्यात १८९५ साली ११४ दिवसांत २१७ वेळा मतदान झाले, तरी सिनेटर ठरला नाही. पुढे १९०१ ते १९०३ या दोन वर्षांत तर त्या राज्याचा एकही सिनेटर वॉशिंग्टनमध्ये नव्हता. ज्या लहान राज्यांच्या आग्रहासाठी सिनेट जन्माला आली, त्यांतलेच हे एक, हे विशेष.

आणि मग पैसा. शंभर-दीडशे माणसांची मते हवी असतील तर ती विकत घेण्याचा मोह कोणाला होणार नाही? मोंटानातील तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांची १८९९ सालची निवड लाचलुचपतीच्या आरोपांनी इतकी बरबटली की, सिनेटच्या समितीने ती रद्द ठरवावी अशी शिफारस करताच १९०० साली त्यांनी राजीनामा दिला. इलिनॉयचे विल्यम लॉरिमर १९०९ साली निवडून आले. त्यांची निवड भ्रष्ट मार्गाने झाल्याचे ठरवून सिनेटने ती १९१२ साली रद्द केली. मधल्या काळात, १९०६ साली, डेव्हिड ग्रॅहॅम फिलिप्स यांची सिनेटचा पंचनामा करणारी लेखमाला 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात प्रसिद्ध झाली आणि लोकमत खवळले. (आपल्याकडे सरपंच सदस्यांतून निवडायचा असला की सदस्य अचानक सहलीला जातात, हे वाचकांस ठाऊक आहेच. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची थेट निवड आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. सरपंच कारभारी असतो व सिनेटर प्रतिनिधी, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण मत मधल्या सभागृहाचे की लोकांचे, हा वाद आपल्या दारातही आहे.)

लोकांनी काढलेली वाट मोठी युक्तीची होती. घटना न बदलता ती वळविण्याचा प्रयोग ओरेगॉन राज्याने केला. तेथे सिनेटच्या उमेदवारांवर आधी जनतेचे मत घेतले जाई आणि त्या कौलाला आपण मान देऊ, असे वचन आमदारकीच्या उमेदवारांकडून घेतले जाई. १९०८ साली जनतेने डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज चेंबरलेन यांना कौल दिला. विधिमंडळात बहुमत होते रिपब्लिकनांचे. तरीही वचनाला जागून त्यांनी विरोधी पक्षाच्या माणसाला सिनेटवर पाठविले! आज हे वाचताना खोटे वाटावे. इतर राज्यांनीही अशा निरनिराळ्या रीती उचलल्या आणि १९१२ पर्यंत एकोणतीसएक राज्यांत सिनेटर कोण हे प्रत्यक्षात मतदारच ठरवू लागले होते.

प्रतिनिधिगृहाने १८९३ पासून ही दुरुस्ती अनेकदा संमत केली होती. सिनेट ती अडवून धरी. मॅसॅच्युसेट्सचे जॉर्ज होर आणि न्यूयॉर्कचे एलिहू रूट हे तिचे ठाम विरोधक. रूट यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. विधिमंडळे नालायक आहेत म्हणून त्यांचे काम काढून घेतले, तर ती अधिकच नालायक होतील. ज्यांच्यावर विश्वास टाकला जात नाही, त्यांच्याकडे चांगली माणसे फिरकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शेवटी राज्यांनी स्वतंत्र घटनापरिषदेची मागणी करण्याचा सपाटा लावला. ही संख्या दोन-तृतीयांशाच्या जवळ पोचल्यावर, आपल्या हातून सूत्रेच जातील या भीतीने सिनेट नमली. १३ मे १९१२ रोजी काँग्रेसने दुरुस्ती संमत केली, ८ एप्रिल १९१३ रोजी छत्तिसाव्या राज्याची मान्यता मिळाली आणि ३१ मे रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी ती अमलात आल्याचे घोषित केले.

येथे थोडे थांबले पाहिजे. मान्यता दिली कोणी? विधिमंडळांनीच. अठ्ठेचाळीसपैकी छत्तीस विधिमंडळांनी आपला एवढा मोठा अधिकार अकरा महिन्यांच्या आत स्वखुशीने सोडून दिला. यूटाने तेवढी दुरुस्ती फेटाळली. संघराज्याचा तराजू राज्यांच्या विरुद्ध झुकविण्याचा हा केंद्राचा डाव होता, असे जे म्हणतात, त्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे. मला त्याचे कारण असे दिसते की, विधिमंडळांना तो अधिकार मिरवण्यापेक्षा ओझे अधिक वाटू लागला होता. सभागृहाचे महिनेच्या महिने वाया जात, आपल्या निवडणुकीला दुसऱ्याच्याच निवडणुकीचे रूप येई आणि हाती काय, तर न ऐकणारा सिनेटर.

दुरुस्तीच्या कहाणीचा आणखी एक काळा पदर आहे. दक्षिणेकडील प्रतिनिधींना सिनेटच्या निवडणुकांवर केंद्राची देखरेख नको होती, कारण तेथे कृष्णवर्णीयांचा मताधिकार नाना क्लृप्त्यांनी हिरावून घेतला होता. ती देखरेख काढून टाकणारे कलम जोडण्याचा प्रयत्न झाला. कॅन्सासचे जोसेफ ब्रिस्टो यांच्या मसुद्यामुळे तो फसला. तरी प्रत्यक्षात १९६५ चा मताधिकार कायदा होईपर्यंत दक्षिणेत 'जनता' म्हणजे बहुतांशी गोरी जनताच होती. मिसिसिपीच्या विधिमंडळाने १८७० साली हायरम रेव्हल्स यांना व नंतर ब्लँच ब्रूस यांना सिनेटवर पाठविले होते. हे दोघेही कृष्णवर्णीय. जनतेच्या प्रत्यक्ष मताने पहिला कृष्णवर्णीय सिनेटर निवडून यायला १९६६ साल उजाडावे लागले. ते मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड ब्रुक. प्रत्यक्ष निवडणूक म्हणजे आपोआप अधिक लोकशाही, असे समीकरण मांडणाऱ्याने हे दोन दाखले डोळ्यांपुढे ठेवावेत.

आता मूळ प्रश्न. १९१३ नंतर अमेरिकेत केंद्राची सत्ता वाढली, याबद्दल दुमत नाही. वादाचा मुद्दा एवढाच, की त्याचे किती श्रेय, वा अपश्रेय, सतराव्या दुरुस्तीला द्यायचे. टॉड झिविकी, जे बायबी यांसारखे कायद्याचे अभ्यासक ते मोठ्या प्रमाणात देतात. सिनेटरला पुन्हा निवडून येण्यासाठी विधिमंडळाकडे पाहावे लागत नसेल, तर राज्यशासनावर बोजा टाकणारा कायदा करताना त्याचा हात कशाला अडखळेल, असा त्यांचा साधा पण धारदार प्रश्न आहे.

उदाहरण घेऊ. मद्यपानाचे वय ठरविणे हा तेथे राज्यांचा विषय. १९८४ साली काँग्रेसने कायदा केला की, जे राज्य एकवीस वर्षांखालील व्यक्तींना दारू विकत घेऊ देईल, त्याच्या महामार्गाच्या अनुदानातील काही भाग कापला जाईल. साउथ डकोटात तेव्हा एकोणीस वर्षांच्या, म्हणजे माझ्याच वयाच्या तरुणांना सौम्य बिअर विकत घेता येई. ते राज्य न्यायालयात गेले आणि १९८७ साली हरले. राज्याच्या हातून अधिकार काढून घेतला नाही, फक्त पैसे दाखवले. विधिमंडळांनी निवडलेल्या सिनेटने हा कायदा केला असता काय? कदाचित नसता. पण दारू पिऊन गाडी चालविणाऱ्यांमुळे होणाऱ्या अपघातांनी लोक हैराण झाले होते आणि कायदा लोकांना हवा होता. येथे राज्याची सत्ता आणि राज्यातील लोकांची इच्छा एकमेकांपासून फुटून निघतात. सतराव्या दुरुस्तीने सिनेटरला यांपैकी दुसऱ्या बाजूला उभे केले.

न्यायालयातही याचा पडसाद उमटला. १९८५ सालच्या गार्सिया खटल्यात, केंद्राचा किमान वेतनाचा कायदा सॅन अँटोनियो शहराच्या वाहतूक सेवेला लागू होतो की नाही, असा वाद होता. पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्यांचे संरक्षण मुख्यतः केंद्राच्या राजकीय रचनेतच आहे, न्यायालयांनी त्यात फार पडू नये. पण ती रचना १९१३ साली बदलली आहे, हेही त्याच निकालात मान्य करावे लागले. कुंपण काढल्यावर कुंपणाचा हवाला देण्यासारखे हे झाले, असे माझे मत आहे. १९९२ व १९९७ च्या निकालांत न्यायालयानेच, राज्यांच्या यंत्रणेला केंद्राने राबवून घेऊ नये, असे बजावून काही कुंपण पुन्हा घातले. राज्येही स्वस्थ बसलेली नाहीत. अनेक राज्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपली कार्यालये थाटली आहेत. पूर्वी ज्यांचा माणूस आत बसत असे, ते आता बाहेरच्या बाकावर भेटीची वाट पाहतात.

असे असले तरी सारा दोष या दुरुस्तीच्या माथी मारणे मला पटत नाही. केंद्राचा व्याप वाढण्याची सुरुवात यादवी युद्धापासूनची आहे. रेल्वेवर नियंत्रण आणणारा १८८७ चा कायदा व मक्तेदारीविरुद्धचा १८९० चा कायदा विधिमंडळांनी निवडलेल्या सिनेटनेच संमत केला होता. शिवाय त्याच १९१३ साली, फेब्रुवारीत, सोळावी दुरुस्ती अमलात आली आणि केंद्राला प्राप्तिकर बसविण्याचा मोकळा अधिकार मिळाला. साउथ डकोटाला नमविले ते अनुदानाने, आणि अनुदान देण्याइतकी तिजोरी भरली ती त्या कराने. दोन्हींत राज्यांना जड कोणती गेली असे विचाराल, तर मी सोळावीकडे बोट दाखवीन. रायकर यांचा मुद्दा येथे लागू पडतो. परत बोलावण्याचा अधिकार नसल्याने जो धागा आधीच झिजला होता, तो सतराव्या दुरुस्तीने तोडला. पण तुटल्यावर पुन्हा गाठ मारण्याची आशा संपते, हेही खरे.

जर्मनीशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. तेथील वरिष्ठ सभागृहात घटकराज्यांची मंत्रिमंडळेच आपले सभासद पाठवितात, त्यांना परत बोलावू शकतात आणि एका राज्याची सर्व मते एकगठ्ठाच पडतात. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर ठरावधारक ठरावाबाहेर जाऊच शकत नाही.

आपल्या राज्यसभेचे सभासद आजही विधानसभांचे आमदार निवडतात. म्हणून राज्यसभा सिनेटपेक्षा अधिक संघराज्यात्मक ठरते काय? तसेही नाही. उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. अमेरिकेत २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि पावणेसहा लाखांच्या वायोमिंगलाही दोनच. आणि २००३ साली कायदा बदलून, उमेदवार त्या राज्यातीलच मतदार असावा ही अट आपल्याकडे काढून टाकण्यात आली. कुलदीप नायर यांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल वैध ठरविला. निवडणारे कोण, हे एकच कलम पाहून संघराज्य जोखता येत नाही.

सतरावी दुरुस्ती रद्द करण्याचा प्रस्ताव २००४ साली जॉर्जियाचे सिनेटर झेल मिलर यांनी मांडला होता. गंमत अशी की, रिकाम्या जागी राज्यपालाने तात्पुरती नेमणूक करावी अशी जी सोय याच दुरुस्तीत आहे, तिच्याच आधारे २००० साली ते प्रथम सिनेटमध्ये आले होते. प्रस्ताव पुढे सरकला नाही. तो सरकायचा तर एक तर चौतीस राज्यांनी परिषद मागितली पाहिजे, नाही तर प्रतिनिधिगृहाबरोबर सिनेटमध्येही दोन-तृतीयांश मते मिळाली पाहिजेत, आणि त्यापुढे अडतीस राज्यांची मान्यता. म्हणजे दुसऱ्या वाटेने जायचे झाल्यास, जनतेने निवडून दिलेल्या शंभरांपैकी सदुसष्ट सिनेटरांनी, आपल्याला निवडण्याचा हक्क आपल्या मतदारांकडून काढून घ्यावा, असे मत स्वतःच द्यावे लागेल.